फ्लॉवरचा फ्राईड राईस: लगदा न होता मोकळा कसा करायचा

फ्लॉवरचा फ्राईड राईस, म्हणजे भाताऐवजी किसलेला फ्लॉवर परतून केलेला, एकदा करून ज्यांनी सोडून दिला त्यांना कारण विचारा, जवळपास सगळे एकच सांगतील, लगदा झाला आणि घरभर वास सुटला. माझाही पहिला असाच झाला होता. आईला डायबेटिस निघाला, डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला आणि भाताशिवाय तिला जेवल्यासारखंच वाटत नाही, म्हणून मी हौसेने फ्लॉवर किसला, कढईत टाकला, लगेच मीठ घातलं, वर झाकण ठेवलं आणि दहा मिनिटांनी उघडून बघते तर खाली पाणीच पाणी आणि त्यात पांढरा गिचका. आईने काही न बोलता दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सरकवलं. ते मला फार लागलं. त्यानंतर कितीतरी वेळा करून करून जे हाताला बसलंय ते सगळं इथे लिहितेय, जरा लांब होईल पण नीट वाचा, कारण यात अवघड काहीच नाहीये, फक्त काय कधी करायचं आणि काय अजिबात करायचं नाही एवढं कळलं पाहिजे.

आधी पाण्याचं गणित समजून घ्या

फ्लॉवरमध्ये साधारण 92 टक्के पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो किस घेतलात तर त्यात 460 ग्रॅमच्या आसपास पाणीच आहे, हे डोक्यात ठेवलं की पुढची प्रत्येक स्टेप आपोआप पटते. भाताच्या दाण्यात स्टार्च असतो, तो शिजताना पाणी पितो आणि गार झाला की घट्ट होतो, म्हणून तर नेहमीच्या फ्राईड राईसला आदल्या दिवशीचा गार भात घेतात. फ्लॉवरचं सगळं उलटं आहे. त्यात स्टार्च जवळजवळ नाहीच, पाणी पेशींमध्ये भरलेलं असतं, आणि मीठ लागलं किंवा उष्णता लागली की ते बाहेर यायला लागतं. आता कढईत पाणी आहे तोपर्यंत तिथलं तापमान 100 अंशाच्या वर फारसं जात नाही आणि परतल्याचा जो खमंग वास आणि सोनेरी रंग असतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे यायला लागतो. म्हणजे पाणी साचलं की तुम्ही परतत नाही आहात, उकडताय. आणि उकडलेला फ्लॉवर जितका जास्त वेळ शिजेल तितका त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा तो उग्र वास वाढत जातो. वास आणि लगदा, दोन्हीचं मूळ एकच.

कार्ब्जचं, म्हणजे रक्तातली साखर वाढवणाऱ्या कर्बोदकांचं म्हणाल तर फरक खरंच मोठा आहे. 100 ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब्ज असतात, 100 ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये 5 ग्रॅम, त्यातही 2 ग्रॅम फायबर. कॅलरी भातात 130 आणि फ्लॉवरमध्ये 25. ताटभर खाल्लं तरी कार्ब्ज दहा-बारा ग्रॅमच्या आसपास राहतात, तेवढ्याच भाताला ते पन्नासच्या वर जातात. पण एक लक्षात घ्या, फ्लॉवरमध्ये प्रोटीन फार नाही, 100 ग्रॅमला 2 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे नुसता फ्लॉवर खाल्ला तर दोन तासांत परत भूक लागते आणि मग बिस्किटांच्या डब्याकडे हात जातो. म्हणून यात अंडी, पनीर, टोफू, चिकन, कोळंबी यातलं काहीतरी घालायचंच. हे मी ऑप्शनल मानतच नाही.

आणि घरात कोणी इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर भात एकदम बंद करून हे सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण डोस जेवणातल्या कार्ब्जच्या हिशोबाने ठरवलेला असू शकतो आणि कार्ब्ज अचानक उतरले की शुगर फार खाली जाऊ शकते, घाम फुटणं, हात थरथरणं, गरगरणं असं होतं. आईच्या बाबतीत आम्ही विचारूनच हळूहळू बदल केला.

काय काय लागेल

दोन जणांना पोटभर होईल असा अंदाज देते. मध्यम आकाराचा एक फ्लॉवर, पानं आणि जाड बुंधा काढून साधारण 500 ग्रॅम तुरे उरले पाहिजेत. दोन किंवा तीन अंडी, नाहीतर 150 ग्रॅम पनीर किंवा टोफू. एक छोटं गाजर, सात-आठ फरसबीच्या शेंगा, अर्धी ढोबळी मिरची, चार-पाच पातीचे कांदे (पांढरा भाग आणि हिरवी पात वेगवेगळी चिरून), लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, एखादी हिरवी मिरची. दोन टेबलस्पून तेल, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं कुठलंही जे जास्त तापवलेलं चालतं. दोन ते तीन टीस्पून सोया सॉस, एक टीस्पून व्हिनेगर, अर्धा टीस्पून मिरपूड, शेवटी घालायला अर्धा टीस्पून भाजलेल्या तिळाचं तेल असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

भाज्यांमध्ये मटार आणि मक्याचे दाणे मुद्दाम नाही लिहिले. मटारात 100 ग्रॅमला 14 ग्रॅम कार्ब्ज, मक्यात 19 च्या आसपास, म्हणजे वाटीभर मटार टाकलेत की फ्लॉवर घेऊन जे वाचवलं त्यातलं काही तिथे गेलं. रंगाला चार दाणे टाका हवं तर. टोमॅटो नको, पाणी सुटतं.

फ्लॉवर निवडणं आणि धुणं

घट्ट, हाताला जड लागणारा, पांढरा किंवा सायीच्या रंगाचा, तुरे एकमेकांना चिकटून असलेला घ्या. तुरे सुटे सुटे झालेला, तपकिरी ठिपके पडलेला फ्लॉवर रश्शाच्या भाजीला चालून जाईल पण इथे नको, त्याला वासही जास्त येतो.

धुवायचा तो किसण्याआधी, किसल्यावर कधीच नाही! मोठे मोठे तुरे काढा, कोमट पाण्यात चमचाभर मीठ टाकून दहा मिनिटं बुडवून ठेवा म्हणजे आत अळ्या असतील तर बाहेर येतात, मग साध्या पाण्याने धुवून चाळणीत उपडे ठेवा. आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. चाळणीत पाच मिनिटं ठेवलेला फ्लॉवर वरून कोरडा वाटतो, पण एक तुरा उचलून टेबलावर झटकून बघा, आतल्या बारीक फांद्यांमध्ये अडकलेलं पाणी टपटप पडतं. ते सगळं तुमच्या कढईत जाणार आहे. म्हणून सुती कापडावर देठ वर करून पसरा आणि पंख्याखाली किमान एक तास ठेवा. मी तर आदल्या रात्रीच धुते, कापडावर पसरून थोडा वेळ वाळवते आणि मग डब्यात खाली टिश्यू घालून झाकण न लावता फ्रीजमध्ये ठेवून देते, फ्रीजमधली हवा कोरडी असते त्यामुळे सकाळपर्यंत मस्त कोरडा होतो. फक्त फ्रीजमधल्या बाकीच्या वस्तू नीट झाकलेल्या असू द्या.

किसणं

आपल्याला दाणा हवाय तांदळाएवढा किंवा त्याहून किंचित मोठा. बारीक झाला की पीठ होतं, पीठ झालं की लगदा.

सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे मोठ्या भोकांची किसणी. तुरा देठाने धरायचा आणि फुलाच्या बाजूने किसायचा, शेवटी हातात राहिलेला देठही किसायचा, टाकून देऊ नका, देठाचे दाणे उलट जास्त कडक राहतात आणि खाताना छान लागतात. अर्धा किलोला दहा मिनिटं लागतात आणि थोडा पसारा होतो, खाली पेपर घ्या.

फूड प्रोसेसर असेल तर काम एका मिनिटाचं आहे, पण मिक्सर असो की प्रोसेसर, नियम तोच, भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही आणि सलग फिरवायचं नाही. पल्सचं बटण एक सेकंद, सोडा, परत एक सेकंद, असं पाच-सहा वेळा. मधे उघडून बघा, वरचे मोठे तुकडे राहिले असतील तर तेवढेच बाहेर काढून पुढच्या घाण्यात टाका, त्या दोन तुकड्यांसाठी सगळं परत फिरवलं तर खालचं पीठ होऊन बसतं. मिक्सरच्या भांड्यात आतून ओलसर पांढरी पेस्ट लागलेली दिसली तर समजा दोन-तीन सेकंद जास्त झाले.

काहीच नसेल तर धारदार सुरीने तुरे उभे पातळ कापून मग बारीक चिरा, वेळ लागतो पण पाणी सगळ्यात कमी सुटतं.

आता पिळण्याबद्दल. खूप ठिकाणी सांगतात की किस कापडात घालून पिळा. मी दोन्ही करून बघितलंय आणि माझं मत असं झालंय की कच्चा ताजा किस जीव खाऊन पिळण्यात अर्थ नाही, पाणी पेशींच्या आत आहे ते असं निघत नाही, थोडंफार निघतं आणि दाणे मात्र चिरडले जातात. त्यापेक्षा किस कोरड्या कापडावर पसरा, वर दुसरं कापड ठेवा आणि तळहाताने हलकं दाबा, पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, वरवरचं पाणी कापड ओढून घेतं. पिळायचं ते फक्त फ्रीझरमधला किस विरघळला असेल तेव्हा, कारण बर्फाने पेशी आधीच फुटलेल्या असतात आणि मग ते पाणी भसकन येतं.

बाकीची तयारी गॅस लावायच्या आधी

एकदा कढई तापली की हातात वेळ नसतो, म्हणून सगळं चिरून वाट्यांमध्ये समोर. गाजर आणि फरसबी अगदी बारीक, फ्लॉवरच्या दाण्याच्या दुप्पट म्हणजे खूप झालं, कारण मोठे तुकडे शिजायला वेळ घेतात आणि तोवर बाकीचं मऊ पडतं. सोया सॉस, व्हिनेगर, मिरपूड एका वाटीत एकत्र करून ठेवा. मश्रूम घालणार असाल तर ते वेगळे कोरडे होईपर्यंत परतून ठेवा, मश्रूमही पाण्याने भरलेलं असतं.

कढई रुंद हवी, लोखंडी किंवा स्टीलची असेल तर फारच छान, लोखंड उष्णता धरून ठेवतं. नॉनस्टिक वापरणार असाल तर रिकामी ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका, कोटिंग खराब होतं आणि फार तापलं तर धूरही चांगला नसतो, त्यात आधी तेल घाला, आच मध्यम ठेवा आणि किस आणखी कमी कमी घाला.

परतणं

पहिल्यांदा अंडी. एक टीस्पून तेल, अंडी फेटून ओता, मोठे मोठे तुकडे राहतील असं हलवा आणि अजून थोडी ओलसर असतानाच ताटलीत काढा, पुढे ती परत गरम होणारच आहेत. पनीर किंवा टोफू असेल तर टिपून कोरडं करा, छोटे चौकोन, दोन बाजूंनी सोनेरी करून काढा. चिकन किंवा कोळंबी मात्र या टप्प्यावरच पूर्ण शिजवून काढायची, नंतर शिजेल म्हणून कच्ची ठेवू नका.

आता कढई पुसून घ्या, परत तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडून गेला पाहिजे. एक टेबलस्पून तेलातलं अर्धं घाला आणि किस अर्धाच घाला. सगळा एकदम घालायचा मोह होतो, नका करू, थर जाड झाला की वरची वाफ खालच्या दाण्यांमध्येच कोंडते. किस कढईभर पातळ पसरा आणि एक मिनिट उलथनं लावूच नका. कान द्या, चरचर असा कोरडा आवाज येत असेल तर बरोबर चाललंय. आवाज बसला आणि रटरट असा ओला झाला तर पाणी साचतंय, आच वाढवा, किस आणखी पसरवा. मिनिटभराने खालून उलटा, काही दाण्यांना सोनेरी कड आलेली दिसेल, परत पसरा, परत थांबा. असं चार-पाच मिनिटं. झाकण नाही, मीठ नाही, काहीच नाही.

झालं कसं ओळखायचं तर चार दाणे चमच्यात घेऊन खा, कच्ची चव गेलेली पण दाताखाली किंचित करकर राहिली पाहिजे. अगदी मऊ होईपर्यंत थांबलात तर ताटात येईपर्यंत तो लगद्याच्या वाटेला लागतो, कारण अजून एकदा तो कढईत जायचाय. काढताना पसरट ताटात पसरून काढा, वाडग्यात ढीग केलात तर स्वतःच्या वाफेनेच मऊ पडतो. उरलेल्या तेलावर दुसरा अर्धा किस तसाच.

मग त्याच कढईत शेवटचं राहिलेलं तेल, मोठ्या आचेवर लसूण, आलं, मिरची, पातीचा पांढरा भाग, अर्धा मिनिट, लसूण जळू द्यायचा नाही. गाजर, फरसबी दोन-तीन मिनिटं, ढोबळी मिरची शेवटी एक मिनिट. आता फ्लॉवर आणि अंडी परत आत, आणि सॉसची वाटी वरून दाण्यांवर न ओतता कढईच्या गरम कडेवरून सोडा, कडेला लागून सॉस लगेच आटतो आणि त्याला थोडा जळका गोड वास येतो, तीच ती फ्राईड राईसची ओळख. दोन्ही हातांनी भराभर वरखाली करा, एक मिनिट पुरे. गॅस बंद, हिरवी पात, तिळाचं तेल, आणि मग चव घेऊन लागलं तरच मीठ.

मीठ शेवटी का, हे वर सांगितलंच. शिवाय सोया सॉसच फार खारट असतो, एका टेबलस्पूनमध्ये 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. ज्यांना बीपी आहे त्यांनी दोन टीस्पूनवरच थांबा आणि चव मिरपूड, व्हिनेगर, लसूण यांच्यावर न्या. तसाही फ्लॉवर भातासारखा सॉस पीत नाही, आधीच पाण्याने भरलेला आहे तो, त्यामुळे नेहमीच्या फ्राईड राईसला घालता त्याच्या निम्मा सॉस पुरतो, जास्त घातलात तर खाली तळ्यासारखा साचतो. बाटलीतले चिली सॉस, केचप घालायच्या आधी मागचं लेबल वाचा, बऱ्याच सॉसमध्ये साखर असते, केचपमध्ये तर भरपूर, आणि सॉस दाट करायला कॉर्नफ्लोअर लावलंत तर तेही कार्ब्जच. तिखट हवं असेल तर लाल मिरच्या भिजवून लसूण आणि व्हिनेगरबरोबर वाटून ठेवा, त्यात साखर नसते आणि आठवडाभर फ्रीजमध्ये राहतं.

बिघडला तर

पाणी सुटलंच तर घाबरू नका. भाज्यांसकट सगळं पसरट ताटात काढा, कढई कोरडी पुसून कडकडीत तापवा आणि थोडं थोडं परत परता. पूर्वीसारखा होणार नाही पण खाण्यासारखा नक्की होतो. अगदीच लगदा झाला असेल तर त्यात आणखी एक अंडं फोडा, गोल थापून दोन्ही बाजूंनी खरपूस करा, छान टिक्क्या होतात, टाकून देऊ नका.

कडवट किंवा उग्र वास येत असेल तर बहुतेक वेळा तो जास्त शिजलेला असतो, व्हिनेगर किंवा लिंबाचे चार थेंब वरून टाकले की बराच दबतो.

पोट फुगण्याची तक्रार मात्र काहींना खरोखर होते, फ्लॉवरमधल्या काही साखरा आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत आणि तिथल्या जंतूंनी त्या आंबवल्या की गॅस होतो. पहिल्या वेळी वाटीभरच खा, आणि निम्मा फ्लॉवर निम्मा भात असं करून सुरुवात केलीत तरी काही बिघडत नाही. आईसाठी मी सुरुवातीला असंच केलं, दर वेळी भात थोडा कमी, फ्लॉवर थोडा जास्त. ज्या दिवशी भात पूर्ण काढला त्या दिवशी तिने ताट संपवलं आणि म्हणाली, "अगं, भात नाहीये हे कळतं मला, पण जेवले आज." मला तेवढं पुरे होतं.

फ्लॉवर नको असेल तर ब्रोकोलीचे जाड देठ सोलून किसा, दाणा आणखी कडक येतो, वेळ मिनिटभर जास्त द्या. कोबीही चालतो पण तो किसू नका, बारीक चिरा, आणि पाणी त्याहून जास्त सुटतं म्हणून आणखी छोटे घाणे. नवलकोल सोलून किसला तरी मस्त लागतो, थोडा गोडसर असतो.

ठेवायचा असेल तर

कच्चा कोरडा किस डब्यात वर-खाली टिश्यू घालून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस नीट राहतो. जास्त करून ठेवायचा असेल तर ताटात पातळ पसरून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या आणि मगच पिशवीत भरा, म्हणजे गोळा होत नाही, महिनाभर चालतो. असा किस वापरताना विरघळवत बसू नका, बर्फाळ असतानाच मूठ मूठ करून तापलेल्या कढईत टाका, वाफ होऊन पाणी निघून जातं, फक्त घाणे नेहमीपेक्षा लहान घ्या आणि दोन-तीन मिनिटं जास्त धरा.

तयार झालेला फ्राईड राईस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, दोन दिवसांत संपवा. परत गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये झाकण लावून ठेवला तर सगळी मेहनत वाया जाते, तो कोरड्या तापलेल्या कढईतच, पसरून, तीन-चार मिनिटं वाफ निघून जाईपर्यंत. डब्यात न्यायचा असेल तर पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर झाकणाला धरलेलं पाणी थेंब थेंब परत दाण्यांवरच पडतं.